पाइपातलं गोड विष

आज थंड देशांतल्या घरांत जाऊया. तिथे बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून फिरतं आणि घर ऊबदार राहतं. पण हीटिंग बंद पडून पाणी गोठलं, की ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. म्हणून पाण्यात अँटिफ्रीझ मिसळतात. पंप लावून एकेक लूप भरायचा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. हवा अडकली तर पाणी फिरतच नाही.

पण अँटिफ्रीझ कुठलं? याचं उत्तर इतिहासात आहे.

इथिलीन ग्लायकॉल १८५०च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झने बनवलं. चवीला गोड, पण पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी करतं. त्याचा सख्खा भाऊ डायइथिलीन ग्लायकॉल. १९३७ साली अमेरिकेत एका पातळ औषधात तो वापरला आणि शंभरहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. १९३८ मध्ये तिथे औषधांचा कडक कायदा आला. तरी १९८६ मध्ये आपल्या मुंबईत, जे.जे. रुग्णालयात, याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली.

आता बघा, बॉयलरमध्ये पाणी भरणारी लाइन पिण्याच्या लाइनलाच जोडलेली असते. उलटा प्रवाह झाला तर? म्हणूनच घरात गाडीचं कूलंट ओतत नाहीत. कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात, शिवाय उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवतात. मला तरी वाटतं, असा प्रत्येक साधा नियम कुणाच्या तरी जिवाची किंमत मोजून आलेला असतो.