खानावळवाली बाई आणि गहाण पडलेलं मंगळसूत्र : घरबसल्या कमाईची जुनी गोष्ट



तुमच्या फोनवर असा मेसेज कधी आलाय का बघा. ‘घरबसल्या कमवा. रोज फक्त दोन तास काम. आधी 499 रुपये भरून नोंदणी करा.’ एकदा तरी आलाच असेल. या मेसेजकडे आपण शेवटी परत येऊ. त्याआधी आज जरा मागे जायचंय, कारण घरातून पैसे कमावणं ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाहीये. आपल्याकडे हे काम शंभर-सव्वाशे वर्षं चाललंय. फक्त त्याला कुणी ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणत नव्हतं, खानावळ म्हणत होते.

सुरुवात करू मढपासून.

ओतूरवरून माळशेज घाटाकडे निघालात की वाटेत मढ लागतं. जवळच पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी पसरलेलं. तालुका जुन्नर, पण ही पश्चिमेची बाजू. म्हणजे नारायणगावसारखी बागायती नाही. इथे पाऊस भरपूर, भाताची खाचरं, आणि भात निघाला की पुढे काय, हा प्रश्न. त्याचं उत्तर पिढ्यानपिढ्या एकच होतं : घाट उतरायचा. घाटाखाली मुरबाड, मग कल्याण, मग मुंबई. जुन्नर आणि आंबेगावच्या या पट्ट्यातल्या किती घरांतला एक तरी माणूस मुंबईला होता, हे तुमच्या आजोबांना विचारून बघा.

मुंबईत 1850 च्या दशकात कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या आणि पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी असं सगळं गिरणगाव उभं राहिलं. गावाकडून आलेला गडी बहुतेक वेळा एकटाच यायचा. बायको-पोरं गावी. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचे कामावर गेले की त्यांच्या जागेवर रात्रपाळीचे आडवे. बरं, झोपायचं असं निभावलं. पण जेवायचं कुठे?

इथे आपली खरी नायिका येते. खानावळवाली बाई.

ती त्याच चाळीत राहणारी. कुणाचा नवरा आजारी, कुणाला टाकलेलं, कुणी विधवा, कुणाचा नवरा कामावर होता पण पगार पुरत नव्हता. आधी बऱ्याच बायका स्वतः गिरणीत काम करायच्या, पण वर्षं गेली तशी गिरण्यांमधली बायकांची संख्या घटत गेली. मग हातात उरलं ते एकच कसब : स्वयंपाक. आपल्या खोलीत, स्टोव्हवर, पाच-दहा किंवा त्याहून जास्त गड्यांचं दोन वेळचं जेवण. पहिल्या पाळीच्या डब्यासाठी पहाटे उठायचं आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून गेला की भांडी घासायची. बाजारहाट, पाणी भरणं, दळण, सगळं तिच्याकडेच.

आता हिशेब नीट ऐका, कारण गोम इथेच आहे.

गड्यांचा पगार महिन्याने व्हायचा. म्हणजे जेवणाचे पैसेही महिन्याने. पण तांदूळ, ज्वारी, तेल, रॉकेल हे रोज लागणार. मधले तीस दिवस कुणाच्या पैशाने चालवायचे? वाण्याकडून उधारीवर. उधारी म्हटली की भाव त्याचा, माल त्याच्या मर्जीचा. तेही नाही जमलं की सावकार, आणि सावकाराकडे ठेवायला बाईजवळ असतं काय? भांडी आणि मंगळसूत्र. काम तिचं, घाम तिचा, गिऱ्हाईकही पक्कं. आणि तरी महिनाअखेर कमाईतला मोठा वाटा व्याजात जायचा. तिच्यात कसब कमी नव्हतं. कमी होतं ते पहिलं भांडवल.

हे ज्यांनी नीट ओळखलं त्या प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या कार्यकर्त्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत. 1974 मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. पगार बंद. पण माणसं जेवत होती, कारण खानावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालत होत्या. संपाचं ओझं या बायकांनीही उचललं, आणि त्यांचं नाव कुठल्याच हिशेबात नव्हतं.

1975 मध्ये प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1969 मध्ये मोठ्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि गरिबांना कर्ज द्यायचं असं सरकारी धोरण होतं. पण खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला बँक दारात उभी करेल का? ना दुकान, ना कागद, ना तारण. यावर मंडळाने काढलेला मार्ग साधा होता : बायकांचा गट करायचा आणि एकीची हमी बाकीच्यांनी घ्यायची. सुरुवातीला बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळालं ते अवघ्या 14 जणींना. मग शेकडो, मग हजारो. सावकाराकडचं मंगळसूत्र सुटलं आणि वाण्याला रोख पैसे देता यायला लागले. रोख दिले की भाव आपण ठरवतो, हे काय सांगायला हवं?

आज बचत गट आपल्याला इतके ओळखीचे आहेत की त्यात नवल वाटत नाही. पण नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला तो 1992 मध्ये. गिरणगावातल्या बायका त्याच्या 17 वर्षं आधी हे करत होत्या.

हीच गोष्ट गिरगावातही दिसते. 15 मार्च 1959. सात बायका, 80 रुपये उसने, इमारतीची गच्ची. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. तेच पुढे लिज्जत झालं. त्यांची पद्धत बघा : पीठ एका ठिकाणी मळलं जातं, बाई ते घरी नेते, लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी पापड आणून देते आणि मजुरी घेते. काम घरी, पण पीठ, तपासणी आणि विक्री सगळ्यांची मिळून. आणि लाटणारी प्रत्येक जण मालकीण.

आणि आपले डबेवाले? 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम. माणसं बहुतेक खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर भागातली. घरात शिजलेलं अन्न ऑफिसपर्यंत न्यायचं. नोकर कुणीच नाही, गटात सगळे भागीदार, खर्च वजा जाता वाटा सारखा.

पण मंडळी, फक्त गोड बाजू सांगितली तर ती फसवणूक होईल.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसं गावी परतली, कितीतरी घाट चढून आपल्याच भागात आली. ज्या खानावळीचं गिऱ्हाईक फक्त गिरणी कामगार होतं, तिचा स्टोव्ह विझला. अन्नपूर्णा टिकली, कारण संस्थेने पुढे केटरिंगच्या मोठ्या ऑर्डरी घेतल्या. एकटीला ते जमलं नसतं. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली तेव्हा डबेवाल्यांवरही तीच वेळ आली. एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा त्या गिऱ्हाइकाबरोबरच बसतो.

आता परत मढला येऊ. पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला गाड्यांची रांग लागते. समजा तिथल्या एखाद्या ताईला घरून पिठलं-भाकरी द्यायचीये. हात चालतोच तिचा, ते आपण शिकवायला नको. तिने विचारायचंय ते एवढंच : पहिल्या महिन्याचा किराणा कुणाच्या पैशाने? आणि पाऊस संपला, गाड्या थांबल्या, की गिऱ्हाईक कोण? दोन्ही प्रश्न एकटीने सोडवण्यापेक्षा गावातल्या गटात मांडले तर सोपे जातात. इतिहास तरी हेच सांगतो.

आणि हो, तो 499 रुपयांचा मेसेज. खानावळवालीला ज्याने उभं केलं, त्याने तिच्या हातात आधी पैसे ठेवले. जो काम द्यायच्या आधी तुमच्याकडूनच पैसे मागतोय, त्याचं गिऱ्हाईक तुम्ही आहात. तो मेसेज खोडून टाका.

तुमच्या घरात कुणी मुंबईला खानावळीत जेवलंय का, किंवा कुणी खानावळ चालवलीये का? आजी-आजोबांना आज विचारा, आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. हा इतिहास फारसा लिहिलेला नाही, तो अजून त्यांच्याच तोंडी आहे.

भेटू पुढच्या भागात.