निर्वासित-संरक्षण नकाराचे न्यायिक पुनर्विलोकन

आश्रय मागणाऱ्याचा दावा प्रशासनाने फेटाळल्यावर तो निर्णय कायद्याला धरून झाला की नाही, याची न्यायालयाने केलेली तपासणी. न्यायालय स्वतः आश्रय देत नाही; बाजू ऐकली का, पुरावा पाहिला का, कारणे दिली का, हे पाहते. कॅनडात फेडरल कोर्टाने नकार रद्द केला तरी दावा बहुधा फेरनिर्णयासाठी निर्वासितांचे दावे ठरवणाऱ्या मंडळाकडेच परत जातो.

भारतात मुळात दावा दाखल करण्याचीच कायदेशीर पद्धत नाही. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ चा पूरक करार भारताने स्वीकारलेले नाहीत. तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचे काम सरकार पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार येथून आलेल्यांची तपासणी संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त कार्यालय करते. त्याने नकार दिला तर फेरविचारही तिथेच होतो. त्यामुळे न्यायालयापुढे येतो तो नकार नव्हे, तर कोठडी किंवा हद्दपारीचा आदेश.

समजा, आश्रय मागणारा माणूस महाराष्ट्रातील राहात्यात व्हिसाविना सापडला, तर खटला चालतो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्याखाली. दंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा झाला की नाही एवढेच ठरते. मायदेशी जिवाला धोका आहे, हे सांगायला त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जावे लागेल. कोठडीतल्या, भाषा न येणाऱ्या माणसाला ही वाट वकिलाशिवाय सापडणे कठीण.

१९९४ च्या एका याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने उच्चायुक्त कार्यालयाने मान्यता दिलेल्या इराणी निर्वासिताला इराणला धाडण्याचा प्रश्नच येत नाही, असे सांगून त्याला हव्या त्या देशात जाण्याची मुभा दिली. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अनुच्छेद २१ चे (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे) संरक्षण परदेशी व्यक्तीलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांच्या प्रकरणात धोक्याच्या ठिकाणी परत न धाडण्याचे तत्त्व याच अनुच्छेदात वाचले. अपवाद राष्ट्रीय सुरक्षेचा. ८ एप्रिल २०२१ च्या रोहिंग्यांविषयीच्या अंतरिम आदेशात मात्र सर्वोच्च न्यायालयाने हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांपुरताच मानला आणि विहित पद्धत पाळून परत पाठवण्यास वाट मोकळी ठेवली.

निकाल असे दोन दिशांना जातात, कारण तपासायला कायद्याची मोजपट्टीच नाही. दावा नोंदवणारा अधिकारी, कारणांसह लेखी निर्णय आणि अपिलाची मुदत या तीन गोष्टी संसदेने कायद्यात लिहून दिल्याशिवाय हे पुनर्विलोकन अपुरेच राहील.