लाल एल आणि जड पाणी

पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत मी पहिल्यांदा रेड एल प्यायलो. ग्लास उजेडाकडे धरला तर आतलं पेय दाट कोऱ्या चहासारखं दिसत होतं, कडेला डाळिंबी झाक. पहिल्या घोटात भाकरीचा करपलेला पापुद्रा, मग काकवीचा मंद गोडवा आणि गिळल्यावर जिभेवर राहिलेला कोरडा तुरटपणा. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये मिळणाऱ्या थंडगार, पिवळ्या, 'स्ट्राँग' बाटलीशी या चवीचं काहीच नातं नव्हतं.

मी सवयीने चौकशी केली. रंग कशाने येतो? बिअर बनवणारा म्हणाला, "थोडंसं काळं भाजलेलं बार्ली." आणि पाणी कुठलं वापरता? तो हसला. "आरओचं. आधी सगळं काढून टाकायचं, मग हवे ते क्षार मोजून घालायचे. तुम्ही कुठले?"

"संभाजीनगर."

"मग तुम्ही मला पाण्याबद्दल काय विचारता, साहेब? राज्यातली बिअर तर तुमच्याकडे बनते."

तो गमतीत बोलला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझ्या शहरात लाखो लिटर बिअर बनते आणि माझ्या घरी नळाला कधी चौथ्या, तर कधी आठव्या दिवशी पाणी येतं. या दोन गोष्टींमधला इतिहास शोधायचा तर त्या लाल ग्लासपासूनच सुरुवात करावी लागते.

लाल रंगाचं वय

'आयरिश रेड एल' म्हटलं की एखाद्या मठातली हजार वर्षांची पाककृती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे नाव बरंच तरुण आहे.

बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात. पूर्वी हे माल्ट लाकडाच्या भट्टीवर वाळवलं जायचं, त्यामुळे बहुतेक बिअर तपकिरीच असायची. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने कॉफी भाजतात तसं फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. मग मूठभर काळ्या माल्टने पूर्ण पिंपाचा रंग बदलता येऊ लागला.

पण तेव्हा ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश सत्तेखालच्या आयर्लंडमध्ये कर माल्टवर होता. मोड न आणलेली, नुसती भाजलेली बार्ली वापरली की कर बुडणार, म्हणून तिला बंदी. १८८० मध्ये कर माल्टवरून उठून तयार होणाऱ्या बिअरवर आला आणि भाजलेल्या बार्लीला कायद्याचं दार उघडलं. आज रेड एलमध्ये जो कोरडा, खमंग शेवट आपल्याला 'पारंपरिक' वाटतो, त्यामागे करप्रणालीतला एक बदल आहे.

नावाची गोष्ट त्याहून मजेची. आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थी गावातली लेट घराण्याची ब्रुअरी १९५६ मध्ये बंद पडली. त्या घरातल्या जॉर्ज किलियन लेट यांनी पुढे आपल्या लाल बिअरचं नाव आधी एका फ्रेंच कंपनीला आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कूर्सला वापरायला दिलं. कूर्सच्या जाहिरातींमुळे 'आयरिश रेड' हा शब्द जगभर गेला. म्हणजे गावातली बिअर बंद पडली आणि मगच तिचं नाव प्रसिद्ध झालं.

डाळ का शिजत नाही

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तरी बाटलीवर फोटो असतो तो कणसाचा किंवा हॉप्सच्या फुलाचा.

आपल्याकडे ज्यांच्या घरी बोअर आहे, त्यांना पाण्याचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. आई त्याला 'जड पाणी' म्हणते. मराठवाडा बेसाल्टच्या खडकावर बसलेला आहे. पावसाचं पाणी त्या काळ्या खडकाच्या भेगांमधून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं.

नेमकं हेच बायकार्बोनेट बिअर बनवणाऱ्याच्या आड येतं. गरम पाण्यात माल्ट भिजवल्यावर त्यातली विकरं स्टार्चची साखर करतात, पण त्यांना मिश्रण किंचित आम्लधर्मी लागतं, पीएच साधारण ५.२ ते ५.६. बायकार्बोनेट ते आम्ल खाऊन टाकतं. फिकट माल्ट वापरलं तर काम बिघडतं. गडद भाजलेलं माल्ट मात्र स्वतःच आम्लधर्मी असतं, ते पाण्याची क्षारता सावरून घेतं.

यातलं रसायन माहीत नसताना लोकांनी हे जिभेने ओळखलं होतं. डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटवालं, तिथे काळी बिअर रुजली. बोहेमियातल्या पिल्सेनचं पाणी कमालीचं हलकं, तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने सोनेरी पिल्स्नर बनवली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम, तिथली पेल एल कडवट आणि कोरडी निघाली. गावाची बिअर म्हणजे गावाचं पाणी आणि त्याच्याशी केलेली तडजोड.

या हिशोबाने आमच्या शहराच्या खडकातल्या पाण्याची बिअर फिकट पिवळी झाली नसती. ती गडद किंवा निदान लाल झाली असती. मग इथे सगळी पिवळीच बिअर कशी बनते?

गाव सुटलं, कारखाना आला

भारतात एडवर्ड डायरने १८५० च्या दशकात ब्रुअरी काढली ती हिमालयातल्या कसौलीला. थंड हवा आणि झऱ्याचं पाणी जिथे, तिथेच बिअर, असा तो काळ होता.

नंतरच्या साठेक वर्षांत ही अट गळून पडली. १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडेने थंडावा तयार करणारं यंत्र बनवलं. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा करून वाढवला. १९०९ मध्ये त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएचची मोजपट्टी मांडली. दहावीच्या प्रयोगवहीत आपण लिटमस चिकटवून जो पीएच लिहिला, त्याचा जन्म बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतला. थंडी यंत्रातून येऊ लागली, यीस्ट प्रयोगशाळेतून येऊ लागलं आणि पाणी मोजून दुरुस्त करता येऊ लागलं. बिअरला आता गावाची गरज उरली नाही. लागत होते ते रस्ता, वीज, पाण्याची पाइपलाइन आणि परवाना.

हे सगळं आमच्याकडे एमआयडीसीत मिळालं. आधी चिकलठाणा, मग वाळूज. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि शहराची चालच बदलली. ब्रुअरीही येत गेल्या. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फॉस्टर्सने इथे बिअर बनवायला सुरुवात केली. २००६ मध्ये तो धंदा साबमिलरने घेतला आणि २०१६ मध्ये साबमिलरच बेल्जियमच्या एबी इनबेव्हच्या पोटात गेली. कार्ल्सबर्गचा कारखानाही शहराजवळच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याचा स्वभाव मोजायची पट्टी तयार झाली, ती कंपनी पाण्यासाठी भांडणाऱ्या शहराच्या दारात आली.

आणि हे घडलं कुठल्या राज्यात? ज्याचा दारूविषयीचा मूळ कायदा आजही १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. इथे बार नसतो, 'परमिट रूम' असते. पिणारा कागदोपत्री परवानाधारक असतो. अशा कायद्याखाली मोठ्या कारखान्याला जागा मिळते, छोट्या भट्टीला उशिरा मिळते. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, पुण्याची डूलाली, सुरू झाली ती थेट २००९ मध्ये.

खडकीचं पाणी

गंमत म्हणजे आमचं शहर वसलं तेच पाण्याच्या कारागिरीवर. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि उत्तरेकडच्या डोंगरांतून जमिनीखालून नहर आणली. पंप नाही, वीज नाही. नुसता उतार, खापरी नळ आणि दाब सांभाळायला मध्ये मध्ये उभे केलेले मनोरे. पाणचक्कीवर आजही मैलभरापलीकडून नव्हे, तर कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्यातून आणलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडताना पर्यटक पाहतात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्या पाण्याच्या जोरावर धान्य दळलं जायचं. धान्य आणि पाणी, बिअरलाही हेच दोन लागतात. इथे मात्र त्याची भाकरी झाली.

नंतर शहर वाढलं, नहरी बुजल्या आणि आपण पैठणकडे वळलो. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेलं जायकवाडी. नहरीचं पाणी उतारावरून आपोआप यायचं. जायकवाडीचं पाणी खालून वर चढवावं लागतं. शहर आणि कारखाने दोघांचीही तहान त्याच जलाशयावर.

२०१६ चा उन्हाळा

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी निघालं. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. त्याच महिन्याच्या शेवटी न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगाचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून २७ जूनपर्यंत ६० टक्के कापायचा आदेश दिला. इतर उद्योगांची कपात २० आणि मग २५ टक्के होती.

आमच्या गल्लीत त्या निकालाचा आनंद झाला. टँकरच्या रांगेत उभ्या माणसाला "बिअरचं पाणी तोडलं" हे वाक्य न्यायासारखंच ऐकू येतं. मलाही आलं. माणसांना पाणी नसताना बाटल्या भरत राहणं लाजिरवाणंच होतं, आणि माझं ते मत अजूनही बदललेलं नाही.

पण आता मी त्याला एक गणित जोडतो. कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण चार लिटर पाणी जातं असं धरू. बार्ली बहुतेक राजस्थान-हरियाणाकडची, म्हणजे तिचं पाणी आपलं नाही. आता एक हेक्टर ऊस घ्या. वर्षभरात त्याला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं, पावसाचा वाटा वजा केला तरी दीड कोटीच्या घरात. म्हणजे एका हेक्टर उसाच्या पाण्यात पस्तीस-चाळीस लाख लिटर बिअर निघते. आणि ऊस गोदावरीच्या काठाने दोन्हीकडे उभा आहे. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही, हमखास भाव देणारं दुसरं पीक त्याच्याकडे कुठे होतं? पण बिअर दिसते, ती चैन आहे, तिची बाजू घ्यायला कोणी पुढे येत नाही. साखर आपल्या चहात विरघळलेली असते. दुष्काळात राग कुणावर काढायचा हेही आपण चवीवरून ठरवतो.

तळाशी उरलेला घोट

त्या दिवशी ग्लासच्या तळाशी थोडी एल उरली होती, आता कोमट झालेली. एल कोमट झाली की जास्त बोलते. काकवी पुढे आली, तुरटपणा मऊ झाला. चांगलीच होती. पण तिच्यातलं पाणी कुठल्याच गावचं नव्हतं, आधी कोरं केलेलं आणि मग सजवलेलं.

आमच्या शहरात बनणाऱ्या बिअरचंही तसंच आहे. ती इथे बनते, पण इथली नसते. जायकवाडीतून येते, यंत्रातून गाळून निघते, परदेशी नाव लावून ट्रकमध्ये बसते. इतकी वर्षं इतकी बिअर बनवूनही 'आमची' म्हणावी अशी एक चव आम्ही तयार केलेली नाही, कारण चवीसाठी आधी पाणी आपलं असावं लागतं.

पुढच्या शनिवारी घरी गेलो तेव्हा नळाचा दिवस होता. पहाटे साडेचारला आईने उठवलं, "ऊठ रे, पाणी आलंय." मी हंडे, बादल्या, गच्चीवरची टाकी असं सगळं भरलं. मग पेला नळाखाली धरून एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, जसा ब्रुअरीत फिरवला होता. थोडा क्लोरीन, थोडी माती, मागे काहीतरी जड.

आई म्हणाली, "पितोस काय, भर आधी. जाईल ते."