फेसातला कोळसा



विज्ञान-शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानात मराठीच्या निवृत्त अध्यापकाने कोळशाच्या धुलाईविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या विषयाच्या इतिहासात दंतकथा शिरली आहे, त्यावर साहित्याच्या अभ्यासकाचाही थोडा हक्क पोहोचतो.

झरियाचा कोळसा पोलादाच्या भट्ट्यांना कोक पुरवतो. मात्र गोंडवन काळातील आपल्या कोळशात माती इतकी मुरलेली असते की, तो बारीक फोडल्यावाचून ती सुटत नाही. फोडताना अर्ध्या मिलिमीटरहून लहान असे चूर्ण बरेच निघते. ढेकळे जड-हलकेपणावरून पाण्यात निवडता येतात. चूर्णाला तो न्याय नीट लागू पडत नाही. तेथे कणाच्या पृष्ठभागाचा स्वभाव उपयोगी पडतो. कोळसा पाण्याने सहज भिजत नाही, माती भिजते. चूर्ण पाण्यात कालवून त्यात थोडे डिझेल आणि फेस टिकवणारे द्रव्य घालतात व हवा सोडतात. तेलाचा हात फिरलेला कोळशाचा कण बुडबुड्याला बिलगून वर येतो. माती पाण्यातच राहते. उघड्यावर फार दिवस पडलेला कोळसा मात्र हवेने बदलतो, भिजू लागतो आणि वर येईनासा होतो. आपल्या भाषेत तोंडाला फेस येतो तो कष्टाने; येथे फेस हाच माल आहे!

कोळशाचा सख्खा भाऊ जो ग्रॅफाइट, तो तेल व बुडबुडे यांच्या साहाय्याने शुद्ध करण्याचे पेटंट ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी 1877 मध्येच घेतले होते. तरी लोकांच्या स्मरणात राहिली ती कॅरी एव्हरसनची गोष्ट. ती म्हणे शाळामास्तरीण होती. भावाच्या खनिजाच्या तेलकट पिशव्या धुताना फेसाबरोबर धातूचे कण वर आलेले तिला दिसले. गोष्ट गोड आहे, आणि खोटी आहे. कॅरी ही शिकागोच्या एका डॉक्टरांची पत्नी. पतीचा पैसा खाणीच्या व्यवहारात बुडाला. तिने रसायनाचा अभ्यास केला, प्रयोग केले आणि तेल व आम्ल वापरून खनिज वेगळे करण्याचे पेटंट 1886 मध्ये मिळवले. स्त्रीच्या बुद्धीचे काम कपडे धुण्याच्या टोपलीत टाकून देणारी ही दंतकथा मला निरुपद्रवी वाटत नाही.

अर्थात सगळे श्रेय तिचे, असेही मी म्हणणार नाही. तिचा भर तेलावर होता. अत्यल्प तेल आणि भरपूर हवा ही युक्ती लंडनच्या सुल्मन, पिकार्ड व बॅलट यांची, 1905 ची. तिच्या पेटंटाची 17 वर्षांची मुदत 1903 मध्येच संपली होती. 1914 मध्ये ती कॅलिफोर्नियात वारली. दोन वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनकरांचा अल्प तेलाचा हक्क उचलून धरला. पिशव्यांची गोष्ट मात्र पुढेही छापली जातच राहिली.