गुडघ्याचा साचा आणि सहा अंशांचा कोन

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या किंवा वणीच्या एखाद्या रुग्णाला मोठ्या शहरात सांगितले जाते, ‘तुमच्याच हाडाच्या मापाचे खास साचे बनवून गुडघा बसवू.’ साहजिकच घरचे विचारात पडतात. त्या जादा खर्चाने पायाला नेमके काय मिळते? उत्तर शालेय भूमितीत आहे.

गुडघा बदलणे म्हणजे मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे व प्लॅस्टिकचे भाग बसवणे. बर्लिनच्या ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंती बिजागरीचा प्रयोग केला, पण जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. आजच्या कृत्रिम सांध्याचे मूळ रूप १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल व रानावत यांच्या गटाने घडवले. (रानावत मूळचे मध्य प्रदेशातले.) सांधा चांगला झाला तरी करवत कोणत्या कोनात चालवायची हा प्रश्न उरतोच.

फळ्यावर खुबा, गुडघा आणि घोटा यांची केंद्रे काढा. शस्त्रक्रियेनंतर ती साधारण एका रेषेत यावीत अशी रूढ अपेक्षा असते. पण मांडीचे हाड त्या रेषेवर नसते. खुब्याचा गोळा बाजूला असल्याने ते तिरके उतरते आणि रेषेशी सुमारे ६ अंशांचा कोन करते. म्हणून नेहमीच्या पद्धतीत हाडाच्या पोकळीत दांडी घालतात आणि तिच्याशी ५ ते ७ अंशांत कापाचा ठोकळा बसवतात. हाड ४० सेंटिमीटर लांब धरले, तर ३ अंश चुकल्यास खुब्याशी सुमारे २ सेंटिमीटरचा फरक पडतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

दांडीऐवजी हाडाच्या पृष्ठभागावर कवळीसारखा चपखल बसणारा साचा वापरावा, ही कल्पना १९९० च्या दशकात जर्मनीतल्या आखेन येथे राडरमाखर यांनी पुढे आणली. स्कॅनवरून संगणकात हाड उभे करायचे, त्यावरून साचा बनवायचा आणि तो एकदाच वापरायचा. कल्पना देखणी आहे. तरीही पुढच्या अनेक तुलनात्मक चाचण्यांत रुग्णाच्या वेदनेत वा चालण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. उपकरणांचे ट्रे कमी लागले, काही मिनिटे वाचली, एवढेच. स्कॅनमध्ये हाड दिसते, पण अस्थिबंध किती ताणलेले आहेत ते टेबलावर हात लावल्यावरच कळते.

मग साऱ्यांना ६ अंशच लावावेत का? मुळीच नाही. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी व सहकाऱ्यांनी ५०३ शस्त्रक्रियांचे विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात हा कोन माणसागणिक बराच बदलतो असे दिसले. धनुष्यासारखे पाय वाकल्यावर उशिरा येणाऱ्या रुग्णांत तर हे ध्यानात ठेवावेच लागते. पण कोन मोजायला खास साचा लागत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंतचे एक लांब क्ष-किरण चित्र आणि कोनमापक पुरतो. नेहमीच्या पेटीतला ठोकळा मोजलेल्या कोनाप्रमाणे लावता येतो. माझ्या मते, १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या यवतमाळसारख्या ठिकाणी आधी हे लांब चित्र नीट काढता येण्यावर खर्च व्हावा.

साच्याला जागा नाही असे मात्र नव्हे. जुन्या मोडीमुळे हाड वेडेवाकडे जुळले असेल किंवा आत सळई असेल, तर दांडी पोकळीत जातच नाही. तिथे खास साचा किंवा संगणकाची मदत खरोखर उपयोगी पडते.