नाण्याचे व्हिडिओ खेळ : पार्लरातले आणि घरातले

व्हिडिओ खेळ, नाण्याचे : सार्वजनिक जागी मांडलेल्या, नाणे अथवा शिक्का आत पडल्यावाचून न चालणाऱ्या, आणि वाट्याची ‘लाइफ’ संपताच खेळणाऱ्यास निर्विकारपणे बाजूला सारणाऱ्या यंत्रांवरील खेळ. ही यंत्रे ज्या गाळ्यात असत त्यास ‘पार्लर’ ही संज्ञा रूढ झाली. मुले मात्र ‘गेमवर जातो’ एवढेच म्हणत, आणि तेही वडीलधाऱ्यांच्या कानी पडणार नाही अशा बेताने.

अशा पार्लरांस अनुकूल गावाचे उदाहरण म्हणून पनवेल घ्यावे. हे घाट आणि बंदर यांच्यामधल्या वाटेवरचे कसब्याचे गाव. १८५२ पासून नगरपालिका आणि २०१६ पासून महानगरपालिका. पुण्याकडे व गोव्याकडे जाणारे हमरस्ते जेथे एकमेकांपासून फुटतात, अशा ठिकाणी एस.टी.ची वाट पाहणारा, बाजारहाट उरकून मोकळा झालेला आणि खिशात थोडी मोड खुळखुळणारा माणूस सदैव हजर असतो; नाण्यावर चालणाऱ्या करमणुकीस याहून अधिक काही लागत नाही. हा खेळ महाराष्ट्रात रुजला तो मुंबईच्या मोठ्या उपाहारगृहांपेक्षा अशा नाक्यावरच्या गावांतच अधिक, असे मानावयास हरकत नाही.

या खेळांना पहिले मोठे व्यापारी यश १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने मिळवून दिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे ज्या पडद्याकडे आपल्याकडील मंडळी नुकती कोठे हात जोडून पाहू लागली होती, त्याच पडद्यावरचा ठिपका इतरत्र माणसाच्या मनगटाच्या हुकमतीत आला होता. १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यातील शत्रूंची फळी जसजशी विरळ होते तसतसा तिचा वेग वाढत जातो, आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. परंतु ही योजना मुळात कोणा कुशल नाट्यकाराने केलेली नसून, रेखाटावयाच्या आकृती कमी झाल्याने यंत्राचे काम हलके होई व उरलेल्या आकृती आपोआप जलद सरकत, इतकेच त्याचे कारण होते. १९८० मध्ये तोरु इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ आला. १९८१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पनवेल तालुक्याचा कुलाबा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जाऊ लागला त्या वर्षी, शिगेरु मियामोतो यांचा ‘डाँकी काँग’ अवतरला व पुढे ‘मारिओ’ म्हणून घरोघरी पोहोचलेला गडी प्रथम त्यात शिड्या चढताना दिसला.

हा धंदा लहान गावी परवडला याचे श्रेय खेळ रचणाऱ्यांइतकेच एका रूक्ष तांत्रिक ठरावासही दिले पाहिजे. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या ‘जामा’ या संघाने यंत्राच्या आतील तारांच्या जोडणीचे एकच प्रमाण ठरविले. त्यामुळे लाकडी पेटी, पडदा, दांडा व बटणे तीच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलला की नवा खेळ तयार होई. १९९० मध्ये एसएनके कंपनीच्या ‘निओ जिओ’ यंत्राने तर बोर्डाऐवजी कॅसेट बदलण्याची सोय केली. परिणामी, अंगावर एका खेळाचे चित्र व पोटात दुसराच खेळ, अशी यंत्रे सर्रास दिसत. नकली बोर्डांचाही सुळसुळाट होता, आणि मूळ कर्त्याच्या हक्काची चाड या व्यवहारात कोणासच नव्हती, हे नमूद केले पाहिजे.

पार्लरात खेळणाऱ्याहून पाहणाऱ्यांची संख्या अधिक असे, आणि या करमणुकीचे मर्म तेथेच होते. पुढला डाव आपला हे सांगण्यासाठी पडद्याच्या कडेला नाणे ठेवून ‘नंबर लावण्याची’ वहिवाट होती व ती सहसा कोणी मोडीत नसे. ज्याच्या खिशात दमडी नाही असा मुलगाही तासन्‌तास मागे उभा राहून, कोठे उडी मारावी, कोणत्या पिंपात ‘पॉवर’ दडली आहे, ‘बॉस’ कोणत्या क्षणी गाफील असतो, हे सारे शिकून घेई, आणि एखाद्या दिवशी कोणाच्या तरी उरलेल्या ‘लाइफ’वर हात मारून ते ज्ञान पारखून पाही. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ दोघांना समोरासमोर उभे करणारा असल्याने त्याच्याभोवती आखाड्यासारखी गर्दी जमे, जिंकणारा यंत्रापाशी राही व हरणारा नव्या नाण्याच्या शोधात जाई. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आपल्याकडे त्या नावाने कोणी ओळखलाच नाही. मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवरून घेतलेल्या या खेळात चार नायक आहेत. पैकी धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा भारतीय पोरांना इतका भावला की अख्खा खेळच ‘मुस्तफा’ झाला. तिघांनी खांद्याला खांदा लावून एकाच वेळी खेळण्याची त्यात सोय होती, आणि अनोळखी माणसाशी एका मिनिटात दोस्ती व दुसऱ्या मिनिटात भांडण जडविण्याचे असे साधन क्वचितच निर्माण झाले असेल.

सरकारदरबारी या खेळांची गणना सार्वजनिक करमणुकीत होई. जागेच्या परवान्यास १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचा आधार होता, तर महसुलासाठी १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाची कक्षा व्हिडिओ खेळांपर्यंत वाढविण्यात आली. मूकपटांच्या काळातल्या कायद्याने अंतराळातील युद्धावर कर बसविला, हा आपल्या कारभाराच्या दीर्घायुष्याचा मासलाच म्हणावा लागेल. शाळा बुडवून मुले तेथे रमतात, ही पालकांची तक्रार रास्त होती. ‘हा जुगार आहे’ हा आरोप मात्र सरसकट खरा नव्हता. १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा खेळांवर परवान्याचे नियंत्रण योग्य ठरविले. ज्यांत दैवाचा भाग मोठा व पैशाची देवघेव होते अशा यंत्रांपुरते ते समजण्यासारखे आहे, पण ‘पॅक-मॅन’मध्ये दैवापेक्षा पाठांतरच अधिक लागते. करमणूक कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला.

घरातील खेळाची कथा निराळी. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानात निघाले. त्याच्या स्वस्त नकला नव्वदीच्या दशकात येथील बाजारांत आल्या, आणि अँटेनाच्या खोबणीत तार खुपसून दिवाणखान्यातील टीव्हीवर ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ चालू लागले. वेष्टनावर हजारो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटमध्ये तेच दहा-वीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. घरी नाणे टाकावयाचे नसल्याने हरण्याची धास्ती गेली, आणि त्याबरोबर खेळातील अर्धा कसही गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘कॉन्ट्रा’त कळा ठरावीक क्रमाने दाबून तीस ‘लाइफ’ मिळविणाऱ्यास एका रुपयाची जरब कशी कळावी? तथापि मुलींना हा खेळ मोकळेपणी खेळावयास मिळाला तो घरातच, कारण पार्लरातील गर्दीत त्यांना सहसा वाव नव्हता, आणि हा लाभ थोडा नव्हे. याच घरगुती यंत्रावरील ‘डक हंट’ या पक्षी टिपण्याच्या खेळातील बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही; कारण तिचा घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे व बंदुकीतील डोळा तो टिपे, आणि या क्षणाचे गणित काचेच्या जुन्या नळीच्या गतीवर बसविलेले होते.

आता पनवेलात ओरायन मॉल आहे, आणि मॉलमधील खेळघरांत नाण्याऐवजी पैसे भरलेले कार्ड चालते. जुन्या खेळांची हौस असणारे १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या ‘मेम’ या प्रणालीच्या साहाय्याने ते संगणकावर खेळतात. खेळ त्यामुळे वाचले. पेट्या, बोर्ड, शिक्के व परवाने मात्र भंगारात जात आहेत. बैलगाडीच्या चाकांचा पनवेलचा धंदा इंग्रजी अंमलातील गॅझेटियरात नोंदला गेला म्हणून आज ठाऊक आहे; या यंत्रांचीही तशी खूण मागे राहावयास हवी. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अथवा दुकानाच्या पोटमाळ्यावर यांपैकी काही पडून असेल, त्यांनी ते मोडीत घालण्यापूर्वी गावच्या सार्वजनिक वाचनालयाकडे विचारणा करावी. मात्र पेटी स्वतः उघडू नये, कारण पडद्याच्या जुन्या नळीत वीज तोडल्यावरही घातक दाबाचा विद्युत्भार साठून राहू शकतो.