देवनागरी टर्मिनल आणि मजकूर-संपादक : एका विसंगतीचा इतिहास

लिपीचा इतिहास लिहिताना शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते आणि मुद्रणाचे खिळे यांचा विचार होतो. पडद्यावरील अक्षराचा विचार मात्र बहुधा अभियंत्यांवर सोपविला जातो. वस्तुतः देवनागरी लेखनाचे एकक कोणते, आकृती की ध्वनी, हा जुना प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत संगणकाच्या टर्मिनलवर नव्याने उभा राहिला. त्याला मिळालेले उत्तर आजही मराठी लेखनाच्या मुळाशी आहे. म्हणून त्या उत्तराची घडण तपासणे भाषाभ्यासाच्या कक्षेबाहेरचे ठरत नाही.

टर्मिनल म्हणजे कळफलक व पडदा यांची जोडी. ती तारेने दूरच्या संगणकास जोडलेली असे. मजकूर-संपादक हा कार्यक्रम चाले त्या मध्यवर्ती संगणकात. त्याला पडदा दिसत नसे. पडद्यावर आता काय उमटले असेल याचे एक चित्र तो आपल्या स्मृतीत बाळगी, आणि त्या चित्राच्या आधारे तारेतून संकेत धाडी. संपादकाचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळेपर्यंतच हे लेखन सुरळीत चाले.

आरंभी तो हिशेब रोमन लिपीतही जुळत नव्हता, कारण प्रत्येक निर्मात्याच्या टर्मिनलची आज्ञाभाषा निराळी होती. १९७६ च्या एडीएम-३ए या टर्मिनलवर कर्सर हलविण्यासाठी एस्केप, बरोबरीचे चिन्ह आणि त्यामागून ओळ व स्तंभ सुचविणारी दोन चिन्हे पाठवावी लागत. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलला हीच गोष्ट एस्केप, चौकटी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, स्तंभाचा आकडा आणि शेवटी एच हे अक्षर अशा क्रमाने सांगावी लागे. बर्कले येथे ‘व्हीआय’ हा संपादक रचणाऱ्या बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास ‘टर्मकॅप’ नावाची सूची सिद्ध केली. तीत प्रत्येक टर्मिनलच्या नावापुढे त्याच्या ओळी, स्तंभ आणि आज्ञा नोंदविलेल्या असत. वापरणाऱ्याने आपल्या टर्मिनलचे नाव सांगावे आणि संपादकाने सूचीतून त्याची बोली शिकून घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. ती एक प्रकारची बोलींची कोशरचनाच होय.

तथापि या कोशात एक गृहीतक न लिहिता राहिले होते : एक संकेत म्हणजे एक अक्षर, आणि एक अक्षर म्हणजे पडद्यावरचा एक स्तंभ. रोमन लिपीपुरते ते खरे होते, म्हणून कोणास जाणवले नाही. देवनागरी पडद्यावर येताच ते उघडे पडले.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात देवनागरी टर्मिनलवर संशोधन झाले. मोहन तांबे यांचा ज्यात प्रमुख वाटा होता ते ‘जिस्ट’ तंत्र या प्रयत्नांतून आकारास आले, आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत त्याचा पुढील विकास झाला. दरम्यान केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८३ मध्ये भारतीय लिपींसाठी संकेतप्रणाली व १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक पुढे आणला. या संकेतप्रणालीची १९८८ मधील सुधारित आवृत्ती १९९१ मध्ये आय.एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक ठरली. तीच ‘इस्की’ होय.

इस्कीचा निर्णायक विशेष असा की तिने आकृतीला संकेत दिले नाहीत, वर्णांना दिले. अर्धा क, जोडाक्षर क्ष किंवा रफार यांना तीत स्वतंत्र स्थान नाही. क, हलन्त आणि ष या तीन संकेतांवरून क्ष ही आकृती घडविणे हे टर्मिनलचे काम. टंकयंत्रावर ऱ्हस्व इकाराची वेलांटी आकृतीच्या क्रमाने आधी उमटवावी लागे. इनस्क्रिप्टमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनामागून येते, आणि आधीच उमटलेल्या व्यंजनाला बाजूस सारून तिला जागा करून देणे टर्मिनलवर सोपविले जाते. संचिकेत ध्वनिक्रम आणि पडद्यावर आकृतिक्रम अशी ही श्रमविभागणी झाली.

या विभागणीची किंमत संपादकाला मोजावी लागली. ‘वारंगा फाटा, जिल्हा हिंगोली’ हा कळमनुरी तालुक्यातील एका गावाचा साधा पत्ता घ्यावा. विरामचिन्ह व मोकळ्या जागा धरून त्यात २७ संकेत आहेत. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतो व हलन्ताला वेगळे घर लागत नाही असे धरल्यास पडद्यावर मात्र २४ स्तंभच भरतात. एक संकेत म्हणजे एक स्तंभ असे मानणारा संपादक ओळीच्या अखेरीस तीन घरे पुढे गेलेला असतो. अशा स्थितीत लेखनिक एका अक्षरावर कर्सर ठेवून खोडतो आणि संचिकेतून दुसरेच अक्षर नाहीसे होते. गोष्ट खातेदाराच्या नावाची किंवा गावाच्या नोंदीची असेल, तर ही चूक केवळ दृष्टिभ्रम राहत नाही.

दुसरी अडचण आठव्या बिटाची. इस्कीने रोमन संकेत खालच्या १२८ स्थानांत जसेच्या तसे ठेवले व भारतीय वर्ण वरच्या भागात बसविले. जुन्या तारा व संपादक मात्र सात बिटांवर चालत. आठवा बिट कधी तपासणीसाठी राखलेला असे, कधी व्हीआयसारखा संपादक तो स्वतःच्या खुणांसाठी वापरी, तर ईमॅक्स त्यालाच आज्ञेची कळ समजे. हा बिट गळाला म्हणजे ‘वारंगा’ या शब्दाचे सहा संकेत पडद्यावर टी, झेड, ओ, दुहेरी अवतरणचिन्ह, पाचाचा आकडा आणि पुन्हा झेड असे उमटणार. यास्तव देवनागरी टर्मिनल जोडताना केवळ त्याचे नाव सांगून भागत नसे; तारेवरून आठही बिट अबाधित येतील आणि संपादकही ते जसेच्या तसे ठेवील, याची निश्चिती आधी करावी लागे.

एवढी गैरसोय पत्करून ध्वनिक्रम का जपावा, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे उत्तर १९९० नंतरच्या मुद्रणव्यवहारात मिळते. मुद्रणासाठी निघालेल्या अनेक फाँटांनी उलट मार्ग धरला. त्यांनी आकृतींचे तुकडे संकेतबद्ध केले. पान सुबक छापले गेले, परंतु एका फाँटातील मजकूर दुसऱ्या फाँटात निरर्थक ठरू लागला. शब्द शोधणे व वर्णानुक्रम लावणे दुष्कर झाले, आणि पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक कार्यक्रम रचावे लागले. इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे त्या मानाने सोपे ठरले, कारण १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीच्याच मांडणीवर आधारलेला आहे.

मराठीपुरते पाहता एक लहान उदाहरण बोलके आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद आकृतीचा दिसतो, पण तो अर्थाचा आहे. इस्कीने द्राविडी लिपींतील कठोर र साठी राखलेल्या स्थानावरून, त्यापुढे हलन्त देऊन, मराठीचा हा दुसरा र लिहिण्याची सोय केली. युनिकोडने इस्कीला अनुसरूनच तो संकेत कायम ठेवला. हिंदीच्या लेखनात या भेदाचे प्रयोजन नाही. तरीही सामाईक संकेतप्रणालीत मराठीचा हक्क शाबूत राहिला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

सारांश, टर्मिनल आणि संपादक यांचा मेळ घालण्याचा प्रश्न वरकरणी आज्ञासूचीचा होता. मूलतः तो लेखनाचे एकक ठरविण्याचा होता. आकृतीचे ज्ञान यंत्राच्या कडेला आणि ध्वनीचे ज्ञान मजकुराच्या गाभ्यात ठेवण्याचा निर्णय भाषाशास्त्रदृष्ट्या योग्य होता, हे पुढील इतिहासाने दाखविले आहे. स्तंभांचा तंटा मात्र पूर्णतः मिटलेला नाही. टर्मिनलचे अनुकरण करणारे आजचे कार्यक्रम आणि संपादक अक्षरांची रुंदी आपापल्या कोष्टकांवरून मोजतात, आणि जेथे ती कोष्टके जुळत नाहीत तेथे देवनागरी ओळीवर कर्सर आजही भरकटतो. एक संकेत, एक अक्षर, एक स्तंभ हे रोमन लिपीचे जुने गृहीतक कोठे तरी अद्याप तग धरून आहे, एवढाच त्याचा अर्थ.